वाट विचारावी कोणाला?

दरवर्षी पावसाळ्याच्या दिवसांत आपल्या अनेक कुटुंबांतील एखादा मुलगा किंवा मुलगी अभियांत्रिकी महाविद्यालयाची पायरी चढते. त्यापूर्वीची दोन वर्षे घरातील सर्वांचे लक्ष प्रवेशपरीक्षेकडे लागलेले असते. शिकवणीची फी, सरावपरीक्षा, गुणांची टक्केवारी, कोणत्या महाविद्यालयात कोणती शाखा मिळेल याचे तक्ते, या साऱ्यांत आईबाप, काका, मामा आणि शेजारीपाजारीही भाग घेतात. पुढे प्रवेश निश्चित होतो, पेढे वाटले जातात, वसतिगृहात गादी व बादली पोहोचती होते. आणि त्या दिवसापासून मुलाच्या अभ्यासाविषयी नेमके विचारणारे घरात कोणी उरत नाही. उरणार तरी कसे? इंजिनिअरिंग मेकॅनिक्सचा पेपर कसा असतो, संगणकाची भाषा कशी शिकतात, हे घरच्यांनी कोठून जाणावे? 'जेवलास का?' आणि 'अभ्यास ठीक चालला आहे ना?' असे दोनच प्रश्न दूरध्वनीवर उरतात, आणि दोहोंचे उत्तर 'हो' असेच येते.

इकडे महाविद्यालयात काय घडते? काही आठवडे जातात आणि पहिली चाचणी होते. बारावीला नव्वद टक्के मिळविलेल्या मुलाच्या हातात वीसपैकी सहा गुणांचा कागद पडतो. मराठी माध्यमातून आलेल्याला इंग्रजी व्याख्यानाचा वेग झेपत नाही. शिकवणीवर्गात तयार उत्तरे मिळत असत. येथे तीन आठवड्यांचा भाग एका आठवड्यात उरकला जातो. आजवर हा मुलगा कोणत्याही परीक्षेत मागे पडलेला नसतो. हे तो कोणाला सांगणार? घरी सांगवत नाही, कारण त्याच्यासाठी बँकेचे कर्ज काढलेले आहे. सोबत्यांना सांगवत नाही, कारण ते सारे आपल्याहून हुशार आहेत असे त्याला वाटते. प्राध्यापकांच्या खोलीचा दरवाजा ढकलण्याचे धैर्य होत नाही. मग तो गप्प बसतो. एका विषयाचे दोन होतात, दोहोंचे चार होतात, आणि वर्षाअखेरीस घरी जे कळते ते सर्वांना अकस्मात घडल्यासारखे वाटते. वस्तुतः ते अकस्मात घडलेले नसते. सहा-सात महिने ते सर्वांच्या डोळ्यांसमोर घडत होते. पाहणारे मात्र कोणी नव्हते.

या प्रश्नाबाबत आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. विद्यार्थी आपण होऊन मदत मागायला येईल म्हणून वाट पाहणे व्यर्थ होय, कारण ज्याला मदतीची गरज सर्वांत अधिक तोच सर्वांच्या शेवटी येतो. यास्तव महाविद्यालयातील एका तरी वडीलधाऱ्या व्यक्तीने त्याच्याकडे आधी गेले पाहिजे. अशी व्यक्ती नेमण्याची व्यवस्था आज आपल्या देशात आहे. ती कागदावर राहते की माणसांत उतरते, यावर पुष्कळ मुलांचे भवितव्य अवलंबून आहे.

नाव कोठून आले?

महाविद्यालयांतून आज अशा व्यक्तीला 'मेंटॉर', 'फॅकल्टी ॲडव्हायझर' किंवा 'टीचर गार्डियन' म्हणतात. यांपैकी पहिला शब्द फार जुना आहे. ग्रीक महाकवी होमर याच्या 'ओडिसी' काव्यात राजा ओडिसियस युद्धावर जाताना आपले घर मेंटॉर नावाच्या मित्राच्या हवाली करतो. पुढे राजपुत्र टेलेमाकस पित्याच्या शोधास निघतो तेव्हा अथेना देवी याच मेंटॉरचे रूप घेऊन त्याच्या सोबत जाते. तथापि हा शब्द युरोपीय भाषांतून रुळला तो कांब्रेचे आर्चबिशप फेनेलाँ यांच्यामुळे. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या नातवाचे ते शिक्षक होते. आपल्या या शिष्यासाठी त्यांनी टेलेमाकसच्या प्रवासाची कथा नव्याने लिहिली. ती १६९९ साली छापली गेली आणि तिच्यातील मेंटॉर हे पात्र इतके लोकप्रिय झाले की पुढे शहाण्या मार्गदर्शकाला तेच नाव पडले.

विद्यापीठांत या कामासाठी खास माणूस नेमण्याची पद्धत त्यामानाने अलीकडची. जुन्या काळी सर्व विद्यार्थ्यांना एकच ठरलेला अभ्यासक्रम असे. निवड करावयाची नसे, म्हणून सल्लाही लागत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील विद्यापीठांनी विषय निवडण्याचे स्वातंत्र्य देण्यास आरंभ केला आणि त्याबरोबर चुकीच्या निवडीचा धोकाही आला. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने १८७७ साली प्रत्येक विद्यार्थ्यामागे सल्लागार प्राध्यापक नेमण्याची पद्धत सुरू केली. पुढे हार्वर्डनेही नव्या विद्यार्थ्यांसाठी सल्लागारांचे मंडळ स्थापिले. निवड वाढली की वाटाड्या लागतो, हे तेव्हाच ध्यानी आले होते.

या कामाचे दोन भाग आहेत. पहिला भाग अभ्यासाच्या सल्ल्याचा: कोणता विषय केव्हा घ्यावा, राहिलेला विषय कसा सोडवावा, कोणती वैकल्पिक शाखा आपल्याला मानवेल. दुसरा भाग सोबतीचा: हा मुलगा कोण आहे, कोठून आला आहे, त्याला काय जमते, तो अलीकडे गप्प का झाला आहे, हे जाणणे. पहिला भाग नियमपुस्तिका वाचून करता येईल. दुसऱ्यासाठी वेळ आणि आस्था लागते.

रामेश्वरमच्या मुलाची हकीकत

हे दोन्ही भाग आपल्या देशातील एका थोर अभियंत्याच्या विद्यार्थिदशेत स्पष्ट दिसतात. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे 'विंग्ज ऑफ फायर' हे आत्मचरित्र १९९९ साली प्रसिद्ध झाले. 'अग्निपंख' या नावाने झालेल्या मराठी अनुवादामुळे ते आपल्या घराघरांत पोहोचले आहे. त्यातील क्षेपणास्त्रांची प्रकरणे पुष्कळांच्या लक्षात असतील. आम्हांस येथे त्याआधीची, विद्यार्थिदशेची पाने अभिप्रेत आहेत.

कलाम १९५० साली तिरुचिरापल्ली येथील सेंट जोसेफ महाविद्यालयात दाखल झाले. जेझुइट संघाच्या या महाविद्यालयात फादर टी. एन. सिक्वेरा इंग्रजी शिकवीत आणि वसतिगृहही सांभाळीत. वसतिगृहात सुमारे शंभर मुले होती. रोज रात्री फादर हातात बायबल घेऊन प्रत्येक मुलाकडे जाऊन येत. मुलांच्या बारीकसारीक गरजांकडे त्यांचे लक्ष असे. दिवाळी आली की त्यांच्या सांगण्यावरून वसतिगृहाचे ब्रदर खोलोखोली जाऊन अभ्यंगस्नानासाठी तिळाचे तेल वाटीत. एका मुसलमान विद्यार्थ्याने आपल्या ख्रिस्ती गुरूची ही आठवण, हिंदू मुलांना मिळालेल्या तेलासकट, जवळजवळ पन्नास वर्षांनी लिहून ठेवावी यातच तिचे मोल आहे.

परंतु याच पानांत दुसरीही एक गोष्ट आहे. पदवीसाठी पदार्थविज्ञान निवडताना उच्च शिक्षणाचे दुसरे मार्ग आहेत हेच कलामांना ठाऊक नव्हते. आपली खरी वाट अभियांत्रिकीची, हे त्यांना पदवी हाती आल्यावर कळले. सोबत उत्तम होती, पण वाटेची माहिती वेळेवर मिळाली नव्हती. माया आणि माहिती या दोन वेगवेगळ्या वस्तू आहेत, आणि विद्यार्थ्याला दोन्ही लागतात.

पुढे मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत प्रवेश मिळाला, पण त्यासाठी सुमारे एक हजार रुपये हवे होते. भगिनी जोहरा यांनी आपल्या सोन्याच्या बांगड्या व साखळी गहाण ठेवून ते उभे केले. या संस्थेत शाखा निवडण्याची वेळ आली तेव्हा प्राध्यापक स्पाँडर यांनी विद्यार्थ्यांना सांगितले की, पुढे काय मिळेल याच्या चिंतेपेक्षा पाया पक्का करावा आणि निवडलेल्या विषयावर मनापासून प्रेम करावे. शाखा निवडताना केवळ पगाराचे आकडे पाहणाऱ्या आजच्या पालकांनी हा सल्ला ध्यानी घ्यावा.

तिसरा प्रसंग अधिक बोलका आहे. कलाम आणि त्यांचे चार सहाध्यायी यांच्याकडे एका लढाऊ विमानाचा आराखडा करण्याचे काम होते. संस्थेचे संचालक प्राध्यापक श्रीनिवासन यांनी काम पाहिले आणि ते निराशाजनक असल्याचे स्पष्ट सांगितले. कलामांनी एक महिना मागितला. त्यांनी तीन दिवस दिले. सोमवारी सकाळपर्यंत आराखडा पूर्ण झाला नाही तर शिष्यवृत्ती बंद होईल, असे बजावले. त्या शिष्यवृत्तीवरच कलामांचे शिक्षण चालले होते. रात्रीचे जेवण सोडून ते रेखाटनाच्या फळ्यापाशी उभे राहिले. रविवारी काम संपत आले असताना मागे कोणी उभे असल्याची चाहूल लागली. प्राध्यापक श्रीनिवासन स्वतः आले होते. त्यांनी काम पाहिले, विद्यार्थ्याच्या पाठीवर हात ठेवला आणि आपण फार ताण दिला हे आपणास ठाऊक असल्याचे सांगितले.

कडक बोलणारे शिक्षक पुष्कळ असतात. मुदत देऊन रविवारी मुलगा काय करीत आहे हे पाहायला येणारे थोडे. श्रीनिवासन यांची धमकी आज कोणी जशीच्या तशी उचलू नये. गरीब मुलाच्या शिष्यवृत्तीवर तलवार टांगणे हे धोक्याचे हत्यार आहे. त्यांचे रविवारी येणे मात्र जरूर उचलावे.

नियम काय सांगतो?

आता आजच्या व्यवस्थेकडे वळू. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ साली अभियांत्रिकीचा नमुना अभ्यासक्रम प्रसिद्ध केला. त्यात चार वर्षांच्या पदवीसाठी १६० श्रेयांक ठेवले आणि आरंभी तीन आठवड्यांचा परिचयवर्ग सुचविला. या परिचयवर्गात नव्या विद्यार्थ्यांचे सुमारे वीस-वीसांचे गट करावे, प्रत्येक गटाला एक मार्गदर्शक प्राध्यापक द्यावा आणि हा संबंध तीन आठवड्यांनी न तोडता पदवी मिळेपर्यंत टिकवावा, अशी कल्पना आहे. सोबत वरच्या वर्गातील विद्यार्थीही मदतनीस म्हणून द्यावयाचे आहेत.

कल्पना उत्तम आहे. तथापि त्याच वर्षी परिषदेने पंधरा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे जुने प्रमाण सैल करून वीस विद्यार्थ्यांमागे एक असे केले. म्हणजे एका हाताने मार्गदर्शनाचे काम वाढविले आणि दुसऱ्या हाताने ते करणारी माणसे कमी होऊ दिली. ज्या महाविद्यालयांत शिक्षकांच्या जागा रिकाम्या राहतात तेथे एका प्राध्यापकाच्या वाट्याला वीसांऐवजी कितीतरी अधिक नावे येतात. व्याख्याने, प्रात्यक्षिके, उत्तरपत्रिका आणि अहवाल सांभाळून त्याने साठ मुलांची सुखदुःखे कोणत्या तासाला विचारावी?

मूल्यांकनाची गोष्टही अशीच. नॅकच्या २०१७ सालच्या सुधारित पद्धतीत मार्गदर्शक आणि विद्यार्थी यांचे प्रमाण विचारले गेले. अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारे एनबीए हे मंडळही मार्गदर्शनाची पद्धत तपासते. हेतू चांगला आहे. परंतु तपासनीसाला वही दिसते, मैत्री दिसत नाही. म्हणून वह्या भरल्या जातात. वर्षाच्या शेवटी मुलांना रांगेत उभे करून बारा भेटींच्या सह्या एका बैठकीत घेतल्या, तरी कागदावर बारा भेटी झालेल्याच दिसतात.

आणखी एक अडचण आम्ही पालकांच्या ध्यानी आणू इच्छितो. कित्येक ठिकाणी मार्गदर्शक प्राध्यापकाचे काम एवढेच उरते की, हजेरी कमी झाली की घरी कळवावयाचे. मग विद्यार्थी त्याला पोलीस समजतो, आणि पोलिसाला कोणी आपले दुःख सांगत नाही. सल्ला देणारा आणि शिक्षा करणारा हे शक्यतो एकच असू नयेत. हजेरीचा निरोप कार्यालयाने पाठवावा. मार्गदर्शकाने तो पोहोचण्यापूर्वी मुलाला बोलावून विचारावे, 'बाळ, येत का नाहीस?'

चांगला मार्गदर्शक काय करतो?

पुष्कळांना वाटते की मार्गदर्शन म्हणजे चार उपदेशाचे शब्द. प्रत्यक्षात ते बरेच हिशेबाचे काम आहे. ते कसे चालावे हे येथे सांगतो, म्हणजे पालकांनाही काय अपेक्षावे ते समजेल.

पहिल्या पंधरवड्यात तो प्रत्येक मुलाला एकेकटे भेटतो, दहा-पंधरा मिनिटेच का होईना. गाव कोणते, शाळेचे माध्यम कोणते, ही शाखा स्वतः निवडली की घरच्यांनी, राहण्याची सोय कशी आहे, घरात पहिलाच पदवीधर होणार काय, हे विचारतो. अडचण नसताना झालेली ही भेट अडचणीच्या वेळी उपयोगी पडते. ओळखीच्या माणसाचे दार ठोठावणे सोपे जाते.

पहिल्या चाचणीचे गुण लागताच तो आपल्या वीस जणांची यादी समोर घेतो. दोन विषयांत मागे पडलेल्यांना त्याच आठवड्यात बोलावतो. तेव्हा सत्राचे दोन-अडीच महिने हातात असतात, आणि तेवढ्या दिवसांत पुष्कळ सावरता येते. हेच बोलावणे निकालानंतर आले तर ती फक्त सांत्वनाची भेट ठरते.

विषय राहिलाच, म्हणजे मुलांच्या भाषेत 'केटी' लागली, तर तो हिशेब मांडून दाखवितो. १६० श्रेयांक आठ सत्रांत विभागले तर सत्राला सुमारे वीस येतात. प्रत्येकी चार श्रेयांकांचे तीन विषय मागे राहिले तर पुढच्या सत्रात वीसांचे बत्तीस होतात. एवढे ओझे कोणालाही जड जाईल. म्हणून कोणता विषय आधी सोडवावा हे ठरवावे लागते. पहिल्या सत्राचे गणित कच्चे राहिले तर दुसऱ्या सत्राचे गणित, आणि पुढे विद्युत किंवा यंत्र शाखेचे त्यावर उभे राहणारे विषय, सारेच डळमळतात; असा विषय प्रथम घ्यावा. ज्यावर पुढचे काही अवलंबून नाही तो मागाहून घेतला तरी चालेल. हे गणित अठरा वर्षांच्या मुलाला सुचत नाही. त्याला सारेच विषय सारखेच भयंकर दिसतात.

तिसऱ्या वर्षापासून निवडीचा काळ येतो. वैकल्पिक विषय, प्रकल्प आणि कारखान्यातील उमेदवारी हे तर आहेच. शिवाय साधारण १८ ते २० श्रेयांक अधिक मिळवून दुसऱ्या विषयाची जोडपदवीही आता घेता येते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने निवडीची दारे आणखी उघडली. दारे वाढली तशी चुकीच्या दारात शिरण्याची भीतीही वाढली. जो तो संगणकाकडे धावतो म्हणून धातुशास्त्रात रस असलेल्या मुलाने तिकडेच धावावे काय? येथे मार्गदर्शकाने उत्तर हातात ठेवू नये. 'तुला कोणत्या प्रयोगशाळेत घड्याळाचा विसर पडतो?' असे विचारावे आणि मुलाला स्वतः उत्तर शोधू द्यावे.

शेवटी चांगला मार्गदर्शक आपली मर्यादा ओळखतो. पैशाची अडचण असेल तर तो शिष्यवृत्तीच्या खिडकीपर्यंत मुलाला पोहोचवितो. झोप उडाली आहे, जेवण तुटले आहे, बोलण्यात निराशा आहे असे दिसले तर त्याला समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे स्वतः सोबत नेतो. तो वैद्य नव्हे आणि त्याने वैद्य होऊही नये. विश्वासाने सांगितलेली गोष्ट तो स्टाफरूममध्ये बोलत नाही. जिवाला धोका दिसला तर मात्र मौन सोडून त्याने ताबडतोब योग्य व्यक्तीला कळविले पाहिजे, आणि आपण तसे करणार हे मुलालाही सांगितले पाहिजे.

एकट्याचा अभ्यास

या संदर्भात अमेरिकेतील एक अनुभव आपल्या उपयोगी पडेल. १९७० नंतरच्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत युरी ट्रीझमन नावाचा एक तरुण गणित शिकवीत होता. अभियांत्रिकी व विज्ञानाकडे जाणाऱ्या मुलांना कॅल्क्युलस हा विषय आवश्यक असे आणि त्यात कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने मागे पडत. कोणी म्हणे, त्यांना इच्छाच नाही. कोणी म्हणे, पूर्वतयारी कच्ची. कोणी म्हणे, घरची गरिबी किंवा घरच्यांची अनास्था. ट्रीझमन यांनी तर्क बाजूला ठेवले. वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाचे विद्यार्थी निवडून ते प्रत्यक्ष अभ्यास कसा करतात हे त्यांनी त्यांच्या सोबत राहून पाहिले.

चारही समजुती टिकल्या नाहीत. मागे पडणारी मुले मन लावून अभ्यास करीत होती, आणि त्यांच्या घरच्यांनाही शिक्षणाची मोठी आस होती. फरक असा होता की ती एकेकटी अभ्यास करीत. चिनी मुले आधी आपापला अभ्यास करून मग एकत्र जमत, एकमेकांची उत्तरे तपासत आणि जेथे सर्वच अडत तेथे चूक आपल्या बुद्धीची नसून प्रश्नच अवघड आहे हे त्यांना कळे. एकट्या मुलाला हे कधीच कळत नाही. तो सारा दोष स्वतःकडे घेतो. ट्रीझमन यांनी १९७८ च्या सुमारास अभ्यासगट सुरू केले. ते 'कच्च्या' मुलांचे वर्ग म्हणून चालविले नाहीत. उलट अधिक कठीण गणिते देऊन मुलांना चौघांत बसून सोडवायला लावले. निकाल स्पष्टपणे सुधारले आणि ही पद्धत पुढे अमेरिकेतील अनेक विद्यापीठांनी उचलली.

आपल्याकडील मार्गदर्शकालाही यातून एक काम सापडते. वीस जणांना एकेकटे भेटावे हे खरेच, पण त्यांना एकमेकांशीही जोडून द्यावे. बेळगावच्या खेड्यातून आलेली मुलगी आणि इंदूरच्या शहरात वाढलेला मुलगा आठवड्यातून दोनदा एका टेबलाशी गणिते सोडवू लागले, तर मार्गदर्शकाचे अर्धे काम तेथेच होते.

प्रश्न जिवाचाही आहे

हा विषय केवळ गुणांचा असता तर आम्ही एवढे विस्ताराने लिहिले नसते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ या एका वर्षात आपल्या देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपविले. यात सर्व प्रकारचे विद्यार्थी आले, आणि प्रत्येकामागची कारणे एकच नव्हती. अशा घटनेला सहसा एकच कारण नसते. तरीही आकडा वाचून मन सुन्न होते.

२४ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उच्च शिक्षणसंस्थांतील विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी माजी न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल नेमला. त्याच वर्षी जुलै महिन्यात न्यायालयाने दुसऱ्या एका निकालात सर्व शिक्षणसंस्थांना मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा, आणि परीक्षेच्या व संक्रमणाच्या काळात विद्यार्थ्यांच्या छोट्या गटांना मार्गदर्शक नेमून द्यावे, असे त्यांत सांगितले आहे. छोटा गट आणि ओळखीचा माणूस, ही गोष्ट देशाच्या सर्वोच्च न्यायासनाला सांगावी लागली यावरून तिची निकड कळावी.

केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही विनामूल्य दूरध्वनी-सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. हा क्रमांक मुलाच्या व पालकांच्याही जवळ असावा. वसतिगृहातील सोबत्याची चिंता वाटली तरी त्यावर बोलता येते.

आपण घरी काय करावे?

वाचकहो, महाविद्यालयाने काय करावे हे सांगून झाले. आता घराकडे येऊ.

प्रवेश घेताना इमारत, बस आणि नोकऱ्यांचे आकडे विचारतो तसेच हेही विचारावे: मार्गदर्शक प्राध्यापकाकडे किती विद्यार्थी असतात? पहिल्या चाचणीनंतर मागे पडलेल्यांसाठी काय करतात? समुपदेशक रोज असतो की महिन्यातून एकदा येतो? पालक हे विचारू लागले की महाविद्यालये त्यांची उत्तरे तयार ठेवू लागतील.

पहिल्याच महिन्यात मुलाला मार्गदर्शकाचे नाव विचारावे. त्याला ते सांगता आले नाही तर रागवू नये. 'या आठवड्यात त्यांना भेटून ये, काम नसले तरी' एवढेच सुचवावे. काम नसताना घेतलेली भेट हीच खरी गुंतवणूक होय.

चाचणीचे गुण कमी आले तर 'एवढे पैसे ओतले ते याचसाठी काय?' हे वाक्य तोंडातून निघू देऊ नये. त्या एका वाक्याने पुढच्या चार वर्षांचे खरे बोलणे बंद होते. त्याऐवजी 'कोणता विषय अडला? सरांशी बोललास का?' असे विचारावे. एखादे सत्र गेले, एखादे वर्षही गेले, तरी आयुष्य जात नाही, हे आईबापांच्या तोंडून मुलाने एकदा तरी ऐकलेले असावे, आणि तेही तशी वेळ येण्यापूर्वी.

आपल्या धर्मग्रामांतून आणि वस्त्यांतून निवृत्त अभियंते आहेत, अध्यापक आहेत, नुकतीच पदवी घेऊन नोकरीला लागलेले तरुण आहेत. बडोदे, ग्वाल्हेर किंवा हैदराबाद येथे शिकायला आलेल्या परगावच्या एका मुलाला महिन्यातून एका रविवारी जेवायला बोलावणे त्यांना अवघड नाही. पहिल्या वर्षाला आपल्यालाही कोणता विषय जड गेला होता, आपण तो कसा सोडविला, हे जेवताना सांगावे. ज्याला आपण यशस्वी समजतो तोही एकदा अडखळला होता हे ऐकून मुलाच्या छातीवरचा दगड उतरतो.

आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हांलाही एक गोष्ट सांगावयाची आहे. मदत मागणे ही हुशारीची उणीव नव्हे. पूल बांधणारा अभियंताही आपला हिशेब दुसऱ्याकडून तपासून घेतो. न तपासलेल्या हिशेबावर कोणी लोकांना चालू देत नाही. तुमच्या आयुष्याचा हिशेब त्या पुलाहून कमी मोलाचा नाही. मार्गदर्शकाच्या खोलीचे दार अर्धे उघडे असेल, तर ते पुरते उघडून आत जा. ते बंद असेल तर ठोठावा. आतून उत्तर आले नाही तर शेजारचे दार ठोठावा, आणि कोणी तरी 'ये, बस' म्हणेपर्यंत थांबू नका.